त्या पानावरचा किनारा

हवानातल्या आमच्या कारखान्यात आम्ही दिवसभर सिगार वळतो आणि वाचक उंच खुर्चीवरून कादंबरी वाचून दाखवतो. वाचक आम्हीच मतं देऊन निवडतो. उमेदवाराच्या परीक्षेला कायम तीच जुनी, दर्यावरच्या सफरीची कादंबरी. तिच्यात ‘किनारा’ हा शब्द आला की सगळ्यांनी हातातलं पान कापायचं पातं फळीवर आपटायचं, हा आमचा रिवाज.

या वेळी परीक्षेला नेरेइदा होती. आठवडाभर वादळं आली, चाचे आले, ‘किनारा’ येत राहिला, पाती वाजत राहिली. मग जहाजावरच्या म्हाताऱ्या आचाऱ्याची अखेरची घटका आली. घराच्या ओढीनं तो विचारत होता, “दिसतंय का रे काही?”

नेरेइदा थबकली. तिनं मान वर केली. आम्ही सगळे पाती उचलून बसलो होतो.

“‘किनारा!’ डोलकाठीवरचा खलाशी ओरडला,” तिनं वाचलं, “आणि म्हाताऱ्यानं हसत डोळे मिटले.”

पात्यांनी कारखाना दणाणला.

सुटी झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कासिल्दामावशीनं तिला दारातच गाठलं. “पोरी, त्या पानावर किनारा नाहीये.”

नेरेइदाचा चेहरा उतरला. “माहितीये, मावशी. पण तुम्ही सगळे असे बघत होता, आहे तसं वाचायला जीभच वळेना. आता दुसरं कुणी बघाल ना?”

“दुसरं कशाला? छापलंय तसं वाचणारे दोघं आले होते तुझ्याआधी. दोघांनाही घरी धाडलं. उद्या वेळेवर ये.”