मातीला विचारणं

कुंडीतली रानलिली फुलून वाळली, तशी शिवणकाम करणाऱ्या सुनेने सासूबाईंचा नेम पाळायला घेतला. कंद झोपला की त्याला पाणी द्यायचं नाही. फक्त मातीत दोन पेरं बोट घालून ओल बघायची. सासूबाई होत्या तेव्हा त्या याला ‘मातीला विचारणं’ म्हणायच्या.

सोमवारी तिने विचारलं. माती ठणठणीत कोरडी होती. मंगळवारी तिच्या भोकाशेजारी दुसरं भोक दिसलं, तेवढंच रुंद.

"अहो, कुंडीत बोट घातलंत का?"

"चहा गार झाला का बघायला घालत नाही, कुंडीत कशाला घालू?" नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "गांडूळ असेल."

गुरुवारी तिचं सोडून पाच भोकं झाली होती, पंजा उमटावा तशी. मशीन थांबवून ती खाली वाकली. तिच्या भोकाची माती आत दबली होती. त्या पाचांची मात्र उकरून वर आली होती, कडेला साचली होती. ती आतून पाडलेली होती.

घरात कोणी नव्हतं. कुंडी उचलून फेकून द्यावी, असं तिला वाटलं. पण कंद सासूबाईंच्या हातचा होता. तो आत आहे का, एवढं चाचपावं म्हणून तिने जीव मुठीत धरून आपल्या भोकात बोट घातलं.

आत कोमट होतं. कोणीतरी तिचं पहिलं पेर हलकेच दाबून पाहिलं. मग दुसरं. ओल आहे का, ते बघायला.