सेनापतीची लेक

वडिलांनी लेकीकडे कात्री मागितली. तिचं प्रदर्शन उद्यावर आलेलं, आणि आता ते तिने भरलेलं कापड उभं फाडणार!

ज्यू समाजाचे धर्मगुरू ते, आणि लेकीच्या उपद्व्यापाचा सगळीकडे बोभाटा झालेला. तिने केलं होतं काय, तर धर्मग्रंथातली एक गोष्ट भल्यामोठ्या चादरीवर शब्द न् शब्द दोऱ्याने भरली होती. एका सेनापतीने देवाला नवस केला, लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होमात बळी देईन. जिंकला. सामोरी आली ती एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. आणि बापाने शब्द पाळला! ग्रंथात त्या पोरीला साधं नावही नाही. म्हणून हिने तिला त्या ओळींवरच माणसाएवढी उभी केली होती, लाल दोऱ्यात. समाजातल्या मंडळींनी वडिलांना धारेवर धरलं, आधी घरातलं निस्तरा, नाहीतर पद सोडा.

वडील प्रदर्शनाच्या दालनात कापडापुढे गुडघे टेकून बसले. फाडलं त्यांनी काहीच नाही. जिथे जिथे देवाचं नाव होतं, तेवढेच चौकोन ते कापू लागले. देवाचं नाव असलेलं काही फेकायचं नसतं, दफनभूमीत नीट पुरायचं असतं. ते काढून घेतलं की उरलेल्याचं कुणी काही करो, असा त्यांचा नियम. एकेक तुकडा ओठांना लावून ते रुमालात ठेवत होते. इतक्या हळुवारपणे ते आपल्याशी कधी वागले होते, हे तिला काही केल्या आठवेना.

एक चौकोन लाल दोऱ्यातल्या पोरीच्या गळ्यातून गेला. वडिलांचा हात थांबला नाही. तिला संतापाने रडू फुटलं. त्यांनी मान वर करून पोरीकडे एकदाही पाहिलं नाही, ना कापडातल्या, ना शेजारी उभ्या असलेल्या.

रुमालाला गाठ मारून ते उठले. गुडघे झटकले.

"आता भिंतीवर लाव, नाहीतर पायपुसणं कर," ते म्हणाले. "देव नाही राहिला त्यात."

तिने डोळे पुसले. भोकं पडलेलं कापड दोन्ही हातांनी उचलून खिळ्याला अडकवलं.

"तिला जाळलं तेव्हाही नव्हता, बाबा."