पोटावरचा दिवा

दिवेलागणीला देवापुढे समई लावून झाली की कुमुद नवऱ्याचा सदरा वर करून बघायची. पोटाच्या चरबीत सूज असेल तर कातडीखाली बसवलेला ठिपका तांबडा उजळायचा. ती सूज उतरली नाही, तर शरीर इन्सुलिनला जुमानेनासं होतं, हे कॉलनीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. दिगंबरराव वर्षभर नेमाने चालले, वेळेवर झोपले, फरसाणाचा डबा स्वतः शेजारी देऊन आले.

आज ठिपका उजळलाच नाही. कुमुदने ट्यूबलाइट बंद करून पाहिली, ठिपका बोटाने दाबून पाहिला. समईचा तेवढा उजेड होता.

"पोट मात्र होतं तेवढंच आहे," दिगंबरराव ओशाळून म्हणाले.

"असू द्या," त्यांचा सदरा सारखा करत ती म्हणाली. "माझं भांडण पोटाशी नव्हतंच, त्या दिव्याशी होतं."