डावी काच

"चष्म्यावरून बसतो, पण वाफ धरतो. मग हा कृष्णात तो कपाळावर चढवून कारखान्यात ग्राइंडर चालवतो," म्हणत निजामभाईंनी तिसराही गॉगल परत केला. कृष्णातला चष्म्याच्या दुकानात त्यांनीच ओढून आणलं होतं. शेवटी नंबरच्याच काचांचा, बाजूनं झाकलेला गॉगल ठरला.

दुकानदारानं डोळे तपासले. "उजवी काच नंबरची करू. डावी साधीच राहू दे, त्या डोळ्याला आता कुठलाच नंबर चालणार नाही. कण काढताना कुणीतरी काडीनं खरवडलंय. बुबुळावर फूल पडलंय."

निजामभाईंचा हात खिशातल्या काडेपेटीवर थिजला. वीस वर्षं कारखान्यात कुणाच्याही डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की काडीच्या टोकानं तेच काढत.

"आपोआप निघाला होता तो," कृष्णात म्हणाला. निजामभाईंकडे त्यानं पाहिलं नाही.

दोघं परतले तेव्हा लेथवरचे धोंडीराम एका डोळ्यावर रुमाल धरून कारखान्याच्या दारातच उभे होते. "बरं झालं आलात, निजामभाई," म्हणत त्यांनी दोन बोटांनी पापणी ताणली आणि तोंड वर केलं.