ससाण्याच्या पोटाखाली

"घट्ट बांध गं. नंतर कुणी म्हणायला नको, फटीतून पाहिलं म्हणून."

अध्यक्षांनी मान ताठ केली. भिंगरीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, आत्याचा निळा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर करकचून बांधला. मिस्त्रींच्या गॅरेजबाहेर ससाणा मंडळाचे चाळीसेक सभासद, कुणी काही सुचवायचं नाही या अटीवर, कोंडाळं करून उभे होते.

ससाणा ही काही ऐरीगैरी गाडी नव्हे! दोन दारांची, बुटकी, उभी असतानाही धावतेय असं वाटणारी. कंपनीने ती बंद केली तेव्हा अध्यक्ष चार दिवस धड जेवले नव्हते. स्वतःचा लाल ससाणा मात्र ते तीस वर्षं जिवापाड जपत आले होते. रोज पुसायचे, सुट्टीच्या दिवशी पॉलिश. फक्त गाडीखाली ते कधी शिरले नाहीत. "देखण्या माणसाचे आपण तळपाय तपासतो का?" असं म्हणायचे. ते काम मिस्त्रींचं. आणि मिस्त्री म्हणजे जादूगार! तळातला कुठलाही भाग मोडला की दुसऱ्या दिवशी नवा हजर. कुठून आणतात, हे विचारायचं अध्यक्षांना कधी सुचलंच नाही.

आता कंपनी ससाणा पुन्हा काढणार होती. बातमी आली तेव्हा अध्यक्ष टॉवेलावरच घरभर नाचले. मग दुसरी बातमी आली. नव्या ससाण्याचा खालचा सांगाडा कंपनीच्या घरगुती गाडीचाच असणार. म्हणजे भाजी आणायच्या गाडीखाली जो, तोच! आणि हा घाट घालणारी मुख्य इंजिनियर कोण? अध्यक्षांची सख्खी थोरली बहीण.

"वर पिसं ससाण्याची, खाली तंगड्या कोंबडीच्या!" अध्यक्ष कडाडले.

त्या दिवसापासून तीन महिने बहीणभावाची बोलचाल बंद. निषेधाच्या पत्रावर तीनशे सह्या झाल्या. खरं सांगायचं तर ताईच्या जेवणाच्या टेबलाशिवाय रविवार अध्यक्षांना खायला उठायचा. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

शेवटी गेल्या आठवड्यात ताईच दारात येऊन उभी राहिली.

"बाळ्या, डोळे बांधून दोन गाड्यांत बस आणि खरी कुठली ते सांग. ओळखलीस, तर मी तुझ्या मंडळापुढे कबूल करीन की आम्ही खोटी गाडी काढतोय. चुकलास, तर पत्र फाडायचं आणि रविवारी मुकाट्याने माझ्याकडे जेवायला यायचं."

"झोपेतसुद्धा ओळखीन!" अध्यक्ष म्हणाले.

लाल ससाणा सर्व्हिसिंगला म्हणून मिस्त्रींकडे गेला. बायकोची गाडीही नेमकी तिथेच पडून होती. तीही त्याच कंपनीची आणि तितकीच म्हातारी, पण चौकोनी. अध्यक्ष तिला डबा म्हणायचे. त्यामुळे तीन दिवस अख्खं घर बसने फिरत होतं.

"चला बाबा, पहिली गाडी!" भिंगरीने हात धरला.

ते सवयीने खोल वाकून आत शिरले. डोकं कशालाच लागलं नाही. सीटने पाठ अलगद धरली. ताईने गाडी सुरू केली आणि तो आवाज! घशातून येणारा, थोडासा खाकरल्यासारखा. वळणावर गाडी रस्त्याला अशी चिकटली की अध्यक्षांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"हाच!" परत आल्यावर ते ओरडले. "हाच माझा ससाणा! दुसरीत बसायचीसुद्धा गरज नाही."

"अहो, बसा तरी," बायको म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, पण रुमालाआडून हसू दिसत नाही.

दुसऱ्या गाडीत मात्र ते ताठ मानेनेच शिरायला गेले आणि टणकन डोकं आपटलं.

"बघा! दाराची मापंसुद्धा चुकवली!" अध्यक्ष कपाळ चोळत म्हणाले. रस्ताभर त्यांची टकळी चालू होती. "ही सीट आहे की पाट? आणि स्प्रिंगा? आतडी गळ्यात आली की गं! आवाज तर पिठाच्या गिरणीचा."

"मग ही खोटी?" ताईने गाडी थांबवत विचारलं.

"शंभर टक्के खोटी."

भिंगरीने रुमाल सोडला. अध्यक्षांनी डोळे चोळले. ताईच्या हाताखाली त्यांनीच शिवून घेतलेलं स्टिअरिंगचं कातडी कव्हर होतं. किल्लीला त्यांचीच साखळी लटकत होती. बाहेर लाल, चकचकीत, रोज पुसलेलं बॉनेट.

मंडळाने डोक्याला हात लावला. मग अध्यक्षच खो खो हसत सुटले. खिशातून पत्र काढून त्यांनी टराटरा फाडलं.

"हरलो, ताई! पहिली ती तुझी नवी गाडी ना? काय चालते गं! रविवारी गोड काय करतेयस?"

"नवी? ती अजून कारखान्याच्या फाटकाबाहेरसुद्धा आलेली नाही," ताई म्हणाली आणि तिने मागे बोट दाखवलं.

मागे डबा उभा होता. मागच्या सीटवर बायकोच्या भाजीच्या पिशव्या आणि पुढे, अध्यक्षांच्या ससाण्याची लाल शिवणीची सीट.

"मिस्त्रीकाकांनी अदलाबदल केली, बाबा! सीट, स्प्रिंगा, सायलेन्सर, सगळं याचं त्याला आणि त्याचं याला." भिंगरी टाळ्या पिटत म्हणाली आणि एकदम थांबली. "पण काका, ससाण्याचं सगळं आमच्या डब्याला बसलं कसं?"

मिस्त्रींनी हात पुसले. "नवं भोक एकही पाडावं लागलं नाही. खालचा सांगाडा दोघांचा पहिल्यापासून एकच. तीस वर्षं साहेबांच्या ससाण्याला मी डब्याचेच तर भाग लावतोय."