गरम गोळ्या

निशा गेली, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकताच मानकोलीच्या गोदामावरून धावत आलेल्या भावेशनं आयसीयूच्या दाराची काच बुक्कीनं फोडली. त्याच रक्ताळलेल्या हातानं डॉक्टरची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. “बायकोला साधी उन्हाळी लागलेली! लघवीला जळजळ, बस! त्यानं कोण मरतं?” “जंतू रक्तात गेले होते,” नाकातलं रक्त पुसत डॉक्टर म्हणाला. “एकाही औषधाला जुमानेनात. आधी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या का? त्यानंच जंतू निर्ढावतात.” “डॉक्टर तू आणि चूक आमची?” भावेशनं लोखंडी स्टूल डोक्यावर उचललं. तेवढ्यात कोपऱ्यात रडणाऱ्या त्याच्या आईनं पिशवीतून अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटं काढली. “ह्या बगा उरलेल्या. सुनेला जरा बरं वाटलं का ह्योच बंद करायचा. म्हनायचा, उन्हाली लागलीय, गोल्या गरम पडतील.” उचललेलं स्टूल आता कुणाच्या डोक्यात घालायचं, ते भावेशला कळेना.