केसाएवढा ओरखडा

खोटं वाटेल, पण तुझ्या आजोबांशी माझं लग्न एका ओरखड्यानं जमवलं. त्यांनी तीन वर्षं खपून पाणबुडीचा पंखा आखला होता. मी त्याच कारखान्यात कामाला होते; त्याचा पितळी नमुना मी घासून आरशासारखा केला. चाचणीच्या काचेच्या हौदात पाण्याचा वेग वाढला आणि पात्यावर बुडबुडे असे तडतडले, की घड्याळ घाबरून थांबलं! “एवढ्या आवाजात पाणबुडी लपणार कशी? पंखा रद्द,” म्हणत साहेबांनी पेन उचललं. आजोबा पांढरेफटक पडले. मी काचेला नाक लावलं. बुडबुडे एकाच जागेवरून सुटत होते. कामावर अंगठीला बंदी होती. बोलले तर नोकरी जाणार. “थांबा साहेब! तिथं माझ्या अंगठीचा खडा घासलाय. पाणी ओरखड्याला अडखळतंय.” केसाएवढा ओरखडा घासून काढला, पुन्हा पाणी सोडलं. चिडीचूप! पंखा वाचला, माझी नोकरी गेली. संध्याकाळी आजोबा दारात उभे, हातात नवी अंगठी. बिनखड्याची!